फोन लागतो, पण आवाज एकाच बाजूला: इंटरनेटवरून जोडलेल्या दोन एक्स्चेंजचे दुखणे कसे शोधावे

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले मुख्य कार्यालय आणि नवी मुंबईतली महापे, रबाळे किंवा तुर्भ्याची शाखा यांची ईपीएबीएक्स यंत्रे (कार्यालयातली खासगी टेलिफोन एक्स्चेंज) इंटरनेटवरून एकमेकांना जोडून देण्याचे आणि पुढे ती जोडणी सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन्ही ०२२ मध्येच येत असल्याने एसटीडीचे पैसे वाचवणे हे या जोडणीचे कारण इथे मुळात नव्हतेच. ठाण्याच्या २१४ वरून महाप्याच्या ३०७ ला तीन आकडे दाबून बोलता यावे आणि बाहेरच्या लाईनी ग्राहकांसाठी मोकळ्या राहाव्यात, एवढ्यासाठी लोक ती करून घेतात. जोडणी पहिल्या दिवशी उत्तम चालते. मग कधी वीज जाऊन येते, कधी इंटरनेटवाला राउटर बदलून जातो, आणि रिसेप्शनवरून ठरलेली तक्रार येते. तिच्या मुळाशी पोहोचण्याचा जो क्रम मला अनुभवाने सापडला, तो पुढे दिला आहे.

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण असे की घंटी वाजते, पलीकडचा माणूस फोन उचलतो, पण आवाज एकाच बाजूला पोहोचतो. एक जण ‘हॅलो, हॅलो’ करत राहतो आणि दुसऱ्याला ते स्वच्छ ऐकू येत असूनही त्याचे उत्तर मात्र परत जात नाही. कधी दोघांनाही काहीच ऐकू येत नाही. दुसरे लक्षण म्हणजे बोलणे सुरळीत चालू असताना कॉल तुटतो, आणि नीट पाहिले तर प्रत्येक वेळी तेवढ्याच वेळाने तुटतो. तिसऱ्यात आवाज तुटक येतो, शब्दांची शेपटे गळतात, माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलतो आहे असे वाटते. चौथ्यात ठाण्याहून महाप्याला फोन लागतो पण महाप्याहून ठाण्याला लागत नाही, किंवा सकाळी लागतो आणि तासाभराच्या शांततेनंतर लागत नाही.

पाचवे लक्षण वेगळ्या जातीचे आहे. रात्री कार्यालयात कोणी नसताना फोन आपोआप वाजतात, पडद्यावर १०० किंवा १००१ असा आपल्याकडे नसलेलाच क्रमांक दिसतो आणि उचलल्यावर पलीकडे कोणीच नसते. हे बिघाडाचे लक्षण नसून बाहेरचे कोणीतरी आपल्या एक्स्चेंजचे दार ढकलून पाहत असल्याचे लक्षण आहे. असे होत असेल तर मधल्या तपासण्या सोडून शेवटचा भाग आधी वाचावा.

आधी एवढे समजून घ्यावे

सिप या, इंटरनेटवरून कॉल जोडण्याच्या, पद्धतीत फोन लावण्याचा निरोप आणि प्रत्यक्ष आवाज या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी जातात. ‘२१४ ला ३०७ शी बोलायचे आहे’ हा निरोप सहसा ५०६० या पोर्टवरून, म्हणजे यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारातून, जातो. तो पोहोचला की घंटी वाजते. त्या निरोपातच ‘माझ्यासाठीचा आवाज अमुक पत्त्यावर, अमुक पोर्टवर पाठव’ असे लिहिलेले असते आणि त्यानुसार आवाजाची पाकिटे, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, आरटीपी नावाच्या दुसऱ्या प्रवाहाने, दर सेकंदाला साधारण ५० या वेगाने, भलत्याच पोर्टवर येऊ लागतात. म्हणून घंटी वाजली याचा अर्थ जोडणी ठीक आहे असा होत नाही. फक्त निरोपाची वाट मोकळी आहे एवढाच होतो. माझ्या अनुभवात ज्या तक्रारींसाठी लोक एक्स्चेंज बदलायला निघतात, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ एक्स्चेंजच्या बाहेर, राउटरमध्ये असते. मीही सुरुवातीच्या काळात एका ठिकाणी एक्स्चेंजचे अख्खे कार्ड बदलले होते आणि तक्रार जशीच्या तशी राहिल्यावर राउटर उघडून पाहिला होता.

कागद, पेन आणि घड्याळ

पहिल्या तपासणीला काहीच खर्च नाही आणि तीच सर्वाधिक टाळली जाते. एकाच कार्यालयातल्या दोन एक्स्टेन्शनमध्ये बोलून पाहावे. मग बाहेरच्या मोबाईलवर बोलून पाहावे. मग दोन कार्यालयांत, दोन्ही दिशांनी. कार्यालयाच्या आतच आवाज नीट नसेल तर दोष फोन, केबल किंवा स्विचमध्ये (कार्यालयातल्या नेटवर्क केबल एकत्र जोडणाऱ्या डब्यात) आहे आणि इंटरनेटकडे पाहण्याची गरजच नाही. आतले आणि मोबाईलचे बोलणे ठीक असून केवळ दोन कार्यालयांतले बिघडले असेल, तर पुढचे सर्व वाचावे.

कॉल तुटत असेल तर घड्याळ लावून सेकंद मोजावेत, कारण तुटण्याची वेळ हेच बहुतेकदा निदान असते. बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असेल तर कारण जवळजवळ नक्की सांगता येते. फोन उचलल्याची सूचना पलीकडून येते, तिची पोच आपल्याकडून परत जावी लागते. ती मिळाली नाही तर पलीकडचे यंत्र सूचना पुन्हा पुन्हा पाठवते आणि नियमाप्रमाणे ३२ सेकंद वाट पाहून कॉल बंद करते. या ३२ सेकंदांत दोघांचेही बोलणे स्वच्छ ऐकू येत असू शकते, आणि त्यामुळेच रिसेप्शनवरच्या कर्मचाऱ्याला समोरच्याने चिडून फोन ठेवला असे वाटते. पोच हरवते याचा अर्थ निरोपात लिहिलेला परतीचा पत्ता चुकीचा आहे. कॉल पंधराव्या मिनिटाला किंवा तिसाव्या मिनिटाच्या जरा अलीकडे तुटत असेल तर गोष्ट वेगळी: सत्राची मुदत सहसा १८०० सेकंदांची ठेवलेली असते, तिच्या मध्यावर ‘अजून बोलणे चालू आहे’ असा ताजा निरोप द्यावा लागतो आणि तो कुठेतरी अडतो आहे. आणि वेळेचा काही मेळच लागत नसेल, कधी दोन मिनिटे, कधी वीस, तर बोट लाईनकडे दाखवावे.

वीज गेल्यानंतरचे दुखणे

महावितरणचा पुरवठा थोडा वेळ गेला आणि परत आला, त्यानंतर जोडणी बंद पडली, ही तक्रार पावसाळ्यात मला सर्वाधिक ऐकू येते. एक्स्चेंज काही ठिकाणी राउटरपेक्षा लवकर सुरू होते, त्या क्षणी इंटरनेट नसल्याने त्याला पलीकडच्या यंत्राचा पत्ता सापडत नाही, आणि काही जुनी यंत्रे एकदा अपयश आल्यावर पुन्हा प्रयत्नच करत नाहीत. उपाय सोपा आहे: आधी फायबरचा डबा, तो स्थिरावल्यावर राउटर, मग स्विच आणि सर्वांत शेवटी एक्स्चेंज, असे मध्ये दोन-तीन मिनिटे सोडून सुरू करावे. मात्र काहीही बंद करण्यापूर्वी ट्रंक (दोन एक्स्चेंजमधली जोडणी) नोंदलेली दिसते का, कोणते दिवे लागले आहेत, हे पाहून मोबाईलने फोटो काढावा. सगळे एकदम बंद-चालू केल्याने पुरावा जातो, आणि दुखणे आठवड्याने परत आले की पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. फायबरचा डबा आणि राउटर हे दोन्ही यूपीएसवर आहेत ना, हेही पाहावे. एक्स्चेंजला भलामोठा यूपीएस आणि राउटर मात्र भिंतीतल्या साध्या प्लगवर, हे दृश्य मी इतक्यांदा पाहिले आहे की आता त्याचे नवल वाटत नाही.

केबलबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एक्स्चेंज ते स्विच आणि स्विच ते राउटर या दोन्ही पॅच कॉर्ड नव्या, बाजारात तयार मिळणाऱ्या लावून पाहाव्यात. खाडीकाठच्या दमट हवेत हाताने दाबून बसवलेल्या जुन्या आरजे-४५ च्या (नेटवर्क केबलच्या टोकाच्या जोडाच्या) पिना काळ्या पडतात आणि थोडीशीच पाकिटे गळू लागतात. ई-मेलला ते जाणवत नाही, कारण गळलेला भाग पुन्हा मागवला जातो, पण आवाजाचे गळलेले पाकीट कोणी परत मागवत नाही.

पत्ता बदलला आहे का

साध्या ब्रॉडबँडवर राउटर पुन्हा सुरू झाला की इंटरनेट कंपनीने दिलेला पब्लिक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आपला बाहेरचा पत्ता) बदलू शकतो. महाप्याच्या एक्स्चेंजमध्ये ठाण्याचा जुना पत्ता भरलेला असेल तर त्याचे निरोप आता भलत्याच कोणाच्या दारात जात असतात. म्हणून दोन्ही ठिकाणी, राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरच्या बाजूचा पत्ता आणि ‘माझा आयपी कोणता’ हे सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता हे दोन्ही लिहून घेऊन ताडून पाहावेत.

दोन्ही एकच असून एक्स्चेंजमध्ये भरलेल्या पत्त्याशी जुळत नसतील तर पत्ता दुरुस्त करावा आणि स्टॅटिक, म्हणजे न बदलणाऱ्या, आयपीसाठी अर्ज करावा. राउटरवरचा पत्ता १०० ने सुरू होत असून त्याचा दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर मात्र तुमच्याकडे स्वतःचा पब्लिक पत्ताच नाही. कंपनी एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहकांना बसवते आहे. अशा लाईनवर बाहेरून आत येणारा कॉल भरवशाने कधीच येणार नाही, आणि राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी उपयोग नाही. ‘आधी चालत होते, मग कंपनीने स्वस्त प्लॅनवर टाकले आणि तेव्हापासून बंद’ या तक्रारीमागे मला हेच सापडलेले आहे. इथे खर्च टाळता येत नाही: किमान एका बाजूला, शक्यतो दोन्हींना, स्टॅटिक आयपी घ्यावाच.

राउटरचा आगाऊपणा

आता राउटरच्या सेटिंगमधल्या ज्या एका टिकच्या खुणेने मी सर्वाधिक तक्रारी मिटवल्या आहेत तिच्याकडे येतो. कार्यालयातल्या एक्स्चेंजचा आतला पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा असतो, आणि तो घराच्या आतच अर्थ असलेला पत्ता आहे. पाकिटावर परतीचा पत्ता म्हणून नुसते ‘माजघर’ असे लिहावे, तसा. एक्स्चेंजने निरोपात हा आतला पत्ता लिहिला तर पलीकडचे यंत्र आवाज पाठवणार कुठे? ही अडचण ओळखून राउटर बनवणाऱ्यांनी सिप एएलजी नावाची सोय ठेवली, जी जाणाऱ्या निरोपातला आतला पत्ता खोडून बाहेरचा लिहिते. हेतू चांगला होता. पण आजची एक्स्चेंज हे काम स्वतःच करतात. त्यांनी नीट लिहिलेला मजकूर राउटर पुन्हा खोडतो, कधी एका ओळीत बदल करतो आणि दुसरी तशीच ठेवतो, आणि परिणाम म्हणून एकतर्फी आवाज किंवा ३२ सेकंदांचे तुटणे पदरी पडते.

म्हणून दोन्ही कार्यालयांच्या राउटरमध्ये सिप एएलजी बंद करावे, राउटर पुन्हा सुरू करावा आणि खूण खरोखर निघालेली आहे हे परत जाऊन पाहावे. काही राउटरमध्ये सॉफ्टवेअर अद्ययावत झाले की ती आपोआप परत येते, आणि कंपनीचा माणूस डबा बदलून गेला की नव्या डब्यात ती चालूच असते. हे दुखणे पुन्हा पुन्हा उद्भवण्याचे मुख्य कारण माझ्या मते हेच. इंटरनेट कंपनीच्या डब्यात ही खूण दिसतच नसेल तर डबा ब्रिज मोडमध्ये (तो फक्त इंटरनेट पुढे सोडेल असा) टाकून मागे स्वतःचा राउटर लावावा. तेही शक्य नसेल तर दोन्ही एक्स्चेंजवर ५०६० ऐवजी दुसरे पोर्ट ठरवावे, कारण ही सोय बहुधा ५०६० वरच नजर ठेवून असते. किंवा निरोप टीएलएसने कुलूपबंद करावेत, म्हणजे राउटरला ते वाचताच येणार नाहीत.

एएलजी बंद केल्यावर पत्त्याची जबाबदारी एक्स्चेंजवर येते, हे विसरू नये. त्याच्या सेटिंगमध्ये ‘बाहेरचा पत्ता’ आणि ‘आतले नेटवर्क’ अशा दोन जागा असतात, त्या दोन्ही भराव्यात. आवाजाच्या पोर्टची मालिकाही तिथेच दिसते. अॅस्टेरिस्क या एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरवर आधारलेल्या यंत्रांत ती बहुधा १०००० ते २०००० असते. तीच मालिका, तेच आकडे, राउटरमधून एक्स्चेंजकडे वळवलेले असावेत. निरोपाचे पोर्ट उघडायचे आणि आवाजाचे विसरायचे, ही चूक नवशिके नेहमी करतात आणि घाईत असलो तर मीही करतो. या वाटा फक्त पलीकडच्या कार्यालयाच्या स्टॅटिक पत्त्यासाठीच उघडाव्यात, साऱ्या जगासाठी नव्हे.

सकाळी लागणारा आणि नंतर न लागणारा फोनही इथलाच. बराच वेळ काही बोलणे झाले नाही की राउटर आपल्या नोंदवहीतली ती वाट पुसून टाकतो. एक्स्चेंजमध्ये दर २५ ते ३० सेकंदांनी पलीकडे ‘जागा आहेस का’ अशी विचारणा पाठवण्याची सोय चालू केली की हे थांबते.

तुटक आवाज आणि अपलोड

‘आमच्याकडे १०० एमबीपीएसची लाईन आहे, मग आवाज का तुटतो?’ या प्रश्नाचे उत्तर वेगात नसून रांगेत आहे. आवाज आकड्यांत बदलण्याच्या, भारतात वापरल्या जाणाऱ्या जी.७११ ए-लॉ पद्धतीत एका कॉलला प्रत्येक दिशेने साधारण ८० केबीपीएस लागतात. म्हणजे दहा कॉल एकदम चालू असले तरी एक एमबीपीएसदेखील पुरेसा होतो. पण त्याच क्षणी कोणीतरी मोठी फाईल वर चढवत असेल तर राउटरमध्ये पाकिटांची रांग लागते आणि आवाजाची पाकिटे, जी दर २० मिलिसेकंदांनी एक याप्रमाणे वेळेवर पोहोचायला हवीत, त्या रांगेत अडकतात. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. महाप्याच्या एका कार्यालयात रोज सायंकाळी सहाच्या सुमारास आवाज फाटत असे. हिशेबाच्या संगणकाचा बॅकअप त्याच वेळी इंटरनेटवर चढत होता. तो रात्री दहाला हलवला आणि तक्रार थांबली. सीसीटीव्हीचे चित्रण इंटरनेटवर साठवणारे यंत्रही असेच गुपचूप अपलोड व्यापून बसते.

तपासण्यासाठी एका कार्यालयातून दुसऱ्याच्या पत्त्यावर शंभर-दोनशे पिंग (जाऊन-येऊन किती वेळ लागतो हे दाखवणारी चाचणीची पाकिटे) पाठवावेत, आणि ते आवाज बिघडलेला असतानाच पाठवावेत. दोन्हीकडे चांगले फायबर असेल तर ठाणे ते महापे हा वेळ थोड्या मिलिसेकंदांचा असतो. आकडे पाचाचे एकदम दोनशे होऊन परत खाली येत असतील तर रांग लागते आहे. आकडे स्थिर पण काही पिंग परतच येत नसतील तर गळती आहे. रांगेवर उपाय म्हणजे राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम देणे आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधणे, जेणेकरून रांग कंपनीच्या डब्यात न लागता आपल्या ताब्यातल्या राउटरमध्ये लागेल. डीएससीपी ४६ हा आवाजाचा शिक्का पाकिटांवर जरूर मारावा, पण साध्या इंटरनेटवर आपल्या दाराबाहेर त्या शिक्क्याला कोणी मान देईल अशी अपेक्षा ठेवू नये.

व्हीपीएन असेल तर

दोन कार्यालये व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटमधून काढलेल्या खासगी बोगद्याने, जोडलेली असतील तर पत्त्यांची वरची बरीच डोकेदुखी वाचते, आणि मी आता नव्या जोडणीत तीच सुचवतो. तिथे दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे दोन्ही कार्यालयांची आतली नेटवर्क १९२.१६८.१ हीच तर नाहीत ना. असतील तर कोणते पाकीट आत ठेवायचे आणि कोणते पलीकडे पाठवायचे हे राउटरला कळूच शकत नाही, आणि एका कार्यालयाचे सगळे पत्ते बदलण्यावाचून गत्यंतर नसते. दुसरी गोष्ट जरा लपलेली आहे. व्हीपीएनच्या वेष्टनामुळे एका पाकिटात मावणारा मजकूर नेहमीच्या १५०० बाइटपेक्षा कमी होतो. फोन लावण्याच्या निरोपात आवाजाच्या अनेक पद्धतींची यादी असेल तर तो निरोप एका पाकिटात मावत नाही, त्याचे तुकडे होतात आणि वाटेतला एखादा फायरवॉल ते टाकून देतो. मग एका कंपनीच्या फोनवरून कॉल लागतो आणि दुसऱ्या कंपनीच्या फोनवरून लागत नाही, असा चमत्कार दिसतो. यादीत फक्त ए-लॉ आणि फार तर आणखी एक पद्धत ठेवावी, किंवा निरोपासाठी यूडीपीऐवजी टीसीपी (गळलेला भाग पुन्हा मागवणारी पद्धत) वापरावे.

पाकिटे पकडून पाहणे

इतके करूनही उलगडा झाला नाही तर दोन्ही बाजूंना एकाच वेळी वायरशार्क या सॉफ्टवेअरने पाकिटे पकडावीत, म्हणजे त्यांची नोंद घ्यावी. निरोपातल्या ‘सी’ने सुरू होणाऱ्या ओळीत कोणता पत्ता आहे, आणि आवाजाची पाकिटे त्या पत्त्याकडे निघाली आहेत का, एवढेच पाहायचे असते. ठाण्याहून निघाली आणि महाप्यात पोहोचली नाहीत, तर मधल्या कोणीतरी गिळली. मात्र या नोंदीतून लोकांचे बोलणे पुन्हा ऐकता येते, म्हणून कार्यालयाच्या प्रमुखांची परवानगी घेऊन, फक्त दोन ठरलेल्या एक्स्टेन्शनवर चाचणी कॉल करून ती घ्यावी आणि काम झाल्यावर पुसावी.

कुठे थांबावे

एक्स्चेंजचे कपाट उघडण्याची वेळ आली की थांबावे. तांब्याच्या लाईनवर ४८ व्होल्टचा दाब असतो आणि घंटी वाजताना तो आणखी वाढतो. पावसात ओलावलेल्या क्रोन पट्टीला (तांब्याच्या तारा जोडण्याच्या पट्टीला) हात लावणे हे हौशी माणसाचे काम नव्हे. पीआरआयचे (अनेक कॉल नेणाऱ्या डिजिटल लाईनचे) कार्ड, अर्थिंग आणि जळका वास येणारा कोणताही भाग यांनाही हाच नियम लावावा.

पाकिटे आपल्या राउटरमधून निघतात पण पलीकडे पोहोचत नाहीत हे दोन्ही बाजूंच्या नोंदींत दिसले, की आपले काम संपले आणि इंटरनेट कंपनीचे सुरू झाले. त्यांच्याकडे ‘आवाज येत नाही’ अशी तक्रार न करता तारीख, वेळ, दोन्ही पत्ते आणि पोर्ट लिहून द्यावेत. तसे केल्याशिवाय ते राउटर बंद-चालू करायला सांगून तक्रार मिटवतात.

रात्रीच्या भुताटकी फोनांबरोबरच परदेशी क्रमांकांवर गेलेले कॉल नोंदीत दिसले, तर त्याच क्षणी एक्स्चेंजची इंटरनेट केबल उपटावी, सेवा देणाऱ्या कंपनीला फोन करून परदेशी कॉल बंद करायला सांगावे आणि तज्ज्ञाला बोलवावे. पासवर्ड बदलून पुढे जाणे इथे पुरत नाही, कारण आत शिरलेल्याने मागे काय ठेवले आहे हे बाहेरून कळत नाही. इंटरनेटवरून आलेला आवाज बाहेरच्या सार्वजनिक लाईनवर सोडण्याचा विचार असेल तर तो तांत्रिक प्रश्न राहत नाही. दूरसंचार परवान्याच्या अटी लागू होतात, आणि परवानाधारक कंपनीकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय ते कोणाच्याही सांगण्यावरून करू नये.

तंत्रज्ञ येऊन दुरुस्ती करून गेला तर त्याच्या ‘हॅलो, येतोय का आवाज’ एवढ्या चाचणीवर त्याला सोडू नये. ठाण्याहून महाप्याला एक आणि महाप्याहून ठाण्याला एक असे दोन कॉल लावून, दोन्ही बाजूंचा आवाज ऐकून, ते ३५ मिनिटे तसेच चालू ठेवायला सांगावे, आणि तेवढ्या वेळात त्याच्याकडून राउटरच्या सेटिंगची प्रत काढून घ्यावी.